एका गावाची साक्ष

हिंदुस्थानातील शेतकरी दरिद्री का, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी मोठ्या हिरिरीने लढवला जात होता. दादाभाई नौरोजींचा हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरील विख्यात ग्रंथ १९०१ साली प्रसिद्ध झाला होता. रमेशचंद्र दत्तांनी जमीनमहसुलाच्या ओझ्याविषयी लॉर्ड कर्झन यांना जाहीर पत्रे लिहिली होती, आणि कर्झन यांच्या सरकारने १९०२ साली एक विस्तृत ठराव काढून त्या पत्रांचा प्रतिवाद केला होता. विषय जिव्हाळ्याचा होता, वाद घालणारी माणसे अधिकारी होती; तथापि उभय पक्षांची सारी भाषा प्रांतांची, कोटींची आणि सरासरीची असल्यामुळे, एखाद्या विवक्षित खेड्यातील विवक्षित कुटुंब वर्षाअखेरीस कर्जात का बुडते आणि त्याच्या शेजारचे का तरते, याचा उलगडा त्या वादातून होणे शक्य नव्हते. अशा वेळी पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पवनेच्या काठचे पिंपळे सौदागर हे एकच गाव निवडले, तेथील जमीन, पाणी, पिके, गुरे, कर्ज आणि मजुरी यांचा घरोघर तपास केला, आणि १९१७ साली दख्खनमधील एका खेड्याची जमीन व श्रम यांविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला.

मॅन हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. परंतु माणसांच्या हिशेबाची त्यांना आधीपासून गोडी होती. सीबोम राउंट्री यांनी यॉर्क शहरातील दारिद्र्याची जी पाहणी १९०१ साली प्रसिद्ध केली, तिची रीत मॅन यांनी बेडफर्डशायरमधील रिजमाउंट नावाच्या एका इंग्रज खेड्याला लावून पाहिली होती, आणि पुढे पुण्यास आल्यावर तीच नजर त्यांनी दख्खनच्या रानाकडे वळवली. पिंपळे सौदागरात त्यांनी माणसांच्या जबान्यांवरच विसंबून न राहता जुनी दप्तरे धुंडाळली, आणि त्यांतून निघालेला एक तपशील पुढे अर्थशास्त्राच्या ग्रंथांत वारंवार उद्धृत होत राहिला : थोरल्या माधवराव पेशव्यांच्या अमदानीत, म्हणजे १७७१ साली, त्या गावात सरासरी धारण क्षेत्र ४० एकरांचे होते, पेशवाई बुडाली त्या १८१८ साली ते साडेसतरा एकरांवर आले होते, आणि १९१४-१५ साली ते अवघे ७ एकर उरले होते. या सात एकरांचेही सलग शेत क्वचितच असे. गावच्या १५६ खातेदारांची जमीन सातशेहून अधिक तुकड्यांत विखुरलेली होती.

यानंतर मॅन यांनी गावातील १०३ कुटुंबांच्या जमाखर्चाचा मेळ घातला. ज्यांचा निर्वाह जमिनीच्या उत्पन्नावर नीट होतो अशी कुटुंबे भरली ८. जमिनीने भागत नाही, पण बाहेरच्या मजुरीची जोड मिळाल्याने ज्यांचा संसार चालतो अशी भरली २८. आणि दोन्ही मिळूनही ज्यांचे पाऊल दरवर्षी तोट्यातच पडते अशी कुटुंबे उरली ६७. प्रांताच्या सरासरीत जे कारण आणि जो परिणाम एकमेकांपासून वेगळे, निनावी आणि दूर दिसत होते, ते येथे एकाच उंबरठ्याच्या आत भेटत होते. वाटणीने शेत किती लहान झाले, लहान शेताला बैलजोडी परवडेनाशी का झाली, बैलांवाचून नांगरट कशी हुकली आणि सावकाराचे दार कधी ठोठावावे लागले, ही सारी साखळी कडी-कडीने पाहता येण्याजोगी झाली. सामाजिक शास्त्रांत ज्या पद्धतीला व्यष्टि-अध्ययन अथवा हल्लीच्या बोलीत केस स्टडी म्हणतात, तिचे सारे सामर्थ्य आणि तिच्यावरचे सारे आक्षेप या एका उदाहरणात एकवटलेले आहेत.

व्यष्टि-अध्ययनाचे स्वरूप

व्यष्टि म्हणजे अभ्यासासाठी मर्यादा आखून घेतलेले कोणतेही एक एकक : एक व्यक्ती, एक कुटुंब, एक गाव, एक कारखाना, एक संस्था, एक संप, किंवा एखादा सरकारी निर्णयदेखील. अमेरिकेचे ग्रॅहॅम अॅलिसन यांनी १९६२ सालच्या क्यूबाच्या क्षेपणास्त्र-संकटाचे मोजके दिवस हेच आपले एकक मानले, आणि १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याच दिवसांचा अर्थ तीन निरनिराळ्या सिद्धान्तांच्या दृष्टीने लावून दाखवला. एकक लहान आहे की मोठे, यापेक्षा त्याची सीमा कोठे आखली आहे हे महत्त्वाचे. कारण गावाचा अभ्यास करतो म्हणणाऱ्याने गावाबाहेर गेलेला मजूर, तालुक्याचा सावकार आणि शहराची बाजारपेठ यांना आत घ्यावयाचे की बाहेर ठेवावयाचे, हे आरंभीच ठरवले नाही, तर त्याचे निष्कर्ष पुढे त्याच्याच हातातून निसटतात.

या पद्धतीचे दुसरे लक्षण असे की, ती एकाच प्रकारच्या पुराव्यावर समाधान मानीत नाही. नमुना-पाहणी करणारा संशोधक सहस्रावधी माणसांना तेच ठरीव प्रश्न विचारतो आणि उत्तरांची बेरीज करतो. व्यष्टि-अध्ययन करणारा संशोधक एकाच गोष्टीविषयी अनेक साधने गोळा करून त्यांची परस्परांशी रुजवात घालतो. गाववाल्याने सांगितलेले क्षेत्र, तलाठ्याच्या कागदांतील क्षेत्र आणि प्रत्यक्ष बांधावर जाऊन दिसलेले क्षेत्र या तिहींत जेथे तफावत पडते, तेथेच पुष्कळदा खरी माहिती दडलेली असते. कारण कागदावर नसलेली वाटणी, तोंडी झालेले गहाण आणि नातलगाच्या नावावर ठेवलेले खाते यांचा पत्ता त्या तफावतीतूनच लागतो.

या परंपरेचा एक मूळ प्रवाह फ्रान्समधून येतो. खाणींचे अभियंते फ्रेडरिक ल प्ले यांनी युरोपभर हिंडून ३६ कामगार-कुटुंबांची अर्थव्यवस्था बारकाईने टिपली आणि १८५५ साली ती प्रसिद्ध केली. कुटुंबाच्या वार्षिक जमाखर्चात त्याचे समग्र जीवन प्रतिबिंबित होते, ही त्यांची श्रद्धा होती. पुढे शिकागोच्या समाजशास्त्रज्ञांनी हिशेबाच्या जोडीला माणसाची स्वतःची वाणी आणली. विल्यम टॉमस आणि फ्लोरियन झ्नानियेत्स्की यांनी अमेरिकेत आलेल्या पोलिश शेतकऱ्यांविषयीचे पाच खंड १९१८ ते १९२० या काळात प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांत कुटुंबांचा पत्रव्यवहार आणि एका स्थलांतरिताचे दीर्घ आत्मवृत्त यांना शास्त्रीय पुराव्याचा दर्जा दिला. जमाखर्चाची वही आणि माणसाची कैफियत, या दोन्हींना एकत्र वाचण्याची शिस्त तेव्हापासून दृढ होत गेली.

एकावरून अनेकांविषयी

या पद्धतीवरचा सर्वांत जुना आक्षेप सर्वांत सरळही आहे : एका गावावरून देशाविषयी काय कळणार? आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात हे खरे. परंतु ती परीक्षा यथार्थ ठरते, कारण साऱ्या शितांना एकच पाणी, एकच भांडे आणि एकच आच मिळालेली असते. समाजाची गोष्ट तशी नाही. नदीकाठचे गाव आणि माळावरचे गाव, हमरस्त्यावरचे गाव आणि घाटापलीकडचे गाव यांना इतिहासाने कधीच सारखी आच दिलेली नाही. म्हणून पिंपळे सौदागरात शेकडा ६५ कुटुंबे तोट्यात होती, एवढ्यावरून दख्खनमध्ये सर्वत्र शेकडा ६५ कुटुंबे तोट्यात असली पाहिजेत, असे म्हणण्याचा अधिकार कोणासही पोहोचत नाही. 'किती' या प्रश्नाचे उत्तर एका व्यष्टीला मागणे हाच अन्याय आहे.

परंतु शास्त्राचे प्रश्न 'किती' या एका शब्दात संपत नाहीत. एखादी गोष्ट कशी घडते, कोणत्या कारणाने घडते, आणि कोणती परिस्थिती पालटली असता घडावयाची थांबते, हे प्रश्न तितकेच मौलिक आहेत, आणि त्यांच्या उत्तरासाठी मोजदादीपेक्षा निवड अधिक उपयोगी पडते. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ क्लाइड मिचेल यांनी १९८३ साली हा मुद्दा अत्यंत स्पष्टपणे मांडला : व्यष्टीवरून काढलेल्या अनुमानाचे बळ ती व्यष्टी इतरांसारखी आहे की नाही यावर अवलंबून नसते, तिच्यातील घटनांचा जो परस्परसंबंध आपण दाखवतो तो तर्कदृष्ट्या किती भक्कम आहे, यावर ते अवलंबून असते. अमेरिकेचे रॉबर्ट यिन यांनी १९८४ सालापासून या पद्धतीचे जे व्याकरण बांधले, त्याचाही गाभा हाच आहे : व्यष्टीतील निष्कर्ष लोकसंख्येकडे न नेता सिद्धान्ताकडे न्यावयाचा.

हे कसे साधते याचा दाखला रॉबर्ट मिखेल्स यांच्या १९११ सालच्या ग्रंथात मिळतो. कोणत्याही मोठ्या संघटनेत सत्ता अखेर मूठभरांच्या हाती जाते, हा सिद्धान्त त्यांना मांडावयाचा होता. त्यासाठी त्यांनी एखादे लष्कर किंवा जमीनदारांचा पक्ष निवडला असता, तर तेथे मूठभरांची सत्ता आढळली यात नवल कोणते, असे वाचकाने विचारले असते. मिखेल्स यांनी जर्मनीचा समाजवादी लोकशाही पक्ष निवडला. समता आणि लोकसत्ता ही ज्याची प्रतिज्ञा होती, आणि ज्यात मूठभरांची सत्ता सापडण्याचा संभव सर्वांत कमी, अशी ती संघटना होती. तेथेही सभासदांची उदासीनता, नेत्यांचे वाढते प्रावीण्य आणि कचेरीवरचा त्यांचा ताबा यांमुळे सत्ता वर सरकते, असे जेव्हा त्यांनी दाखवले, तेव्हा त्या एका पक्षाच्या साक्षीला शेकडो सामान्य उदाहरणांहून अधिक वजन आले.

याच तर्काची दुसरी बाजू सीमूर लिप्सेट आणि त्यांचे सहकारी मार्टिन ट्रो व जेम्स कोलमन यांनी १९५६ साली पुढे आणली. अल्पजनसत्तेचा हा लोहनियम ज्या ठिकाणी लागू पडत नाही अशी एक संघटना त्यांना ठाऊक होती : छपाई-कामगारांची इंटरनॅशनल टायपोग्राफिकल युनियन. लिप्सेट यांचे वडील स्वतः या युनियनचे सभासद होते. तेथे दोन पक्ष दशकानुदशके नियमाने निवडणुका लढवीत आणि सत्तारूढ पक्षाचा खरोखरीच पराभव होई. असे का होते, याचा शोध घेता त्यांना दिसले की, खिळे जुळवणाऱ्या कारागिराच्या आणि युनियनच्या पुढाऱ्याच्या कमाईत व प्रतिष्ठेत फार अंतर नसल्यामुळे पदावरून उतरण्याची भीती तेथे कमी होती. आणि रात्रपाळीमुळे या कामगारांची इतरांशी वेळ जुळत नसल्याने त्यांची आपापसांत मंडळे व क्लब निर्माण झाले होते, ज्यांतून नव्या नेत्यांना आणि विरोधी मतांना आसरा मिळे. या अपवादाने मिखेल्स यांचा नियम मोडून टाकला नाही. तो कोणत्या अटींवर खरा आहे, हे त्याने सांगितले. ज्या नियमाच्या अटी ठाऊक नाहीत तो नियम घोषणेपलीकडे जात नाही, आणि अटी शोधण्याचे काम विचारपूर्वक निवडलेल्या एका अपवादाइतके दुसरे काहीच चोख करीत नाही.

दुसरे गाव

मॅन यांना हा तर्क पुस्तकांतून शिकावा लागला नव्हता. त्यांच्या स्वतःच्या ग्रंथावरील आक्षेपाने तो त्यांच्यापुढे आणला. पिंपळे सौदागरापासून पुणे शहर जवळ, खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना जवळ. तेव्हा शहराच्या सावलीतले हे गाव दख्खनच्या खेड्यांचे प्रतिनिधी कसे, ही शंका रास्तच होती. मॅन यांनी वादाने उत्तर देण्याऐवजी ना. वि. कानिटकर यांच्या साह्याने पुणे जिल्ह्यातीलच, परंतु शहराच्या बाजारापासून आणि कारखान्यापासून दूर असलेले जातेगाव बुद्रुक हे दुसरे गाव अभ्यासले, आणि १९२१ साली त्याचा वृत्तान्त स्वतंत्र ग्रंथाच्या रूपाने प्रसिद्ध केला.

जातेगावात १४७ कुटुंबांचा हिशेब झाला. जमिनीवर नीट निर्वाह होणारी १०, बाहेरच्या कमाईने तरणारी १२, आणि तोट्यातली १२५, म्हणजे शेकडा ८५. हे आकडे पिंपळ्याच्या आकड्यांशेजारी ठेवून शांतपणे वाचले, तर त्यांत एक मोठी गोष्ट लपलेली दिसते. केवळ जमिनीवर तरणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण दोन्ही गावांत जवळपास सारखे, शेकडा सात-आठ एवढेच आहे. खरी तफावत दुसऱ्या वर्गात आहे, कारण पिंपळ्यात बाहेरच्या मजुरीने शेकडा २७ कुटुंबांना हात दिला, आणि जातेगावात तिने जेमतेम शेकडा ८ कुटुंबांना दिला. म्हणजे शहराच्या सान्निध्याने पिंपळ्याची शेती सुधारली नव्हती; शेतीने ज्यांना सोडून दिले होते अशांपैकी काहींना त्याने सावरले होते. एकटे पिंपळे पाहिले असते तर शेतीचा भार आणि शहराचा आधार एकमेकांत मिसळून गेले असते. दुसऱ्या गावाने ते वेगळे करून दाखवले. दुसरी व्यष्टी पहिलीच्या संख्येत भर घालण्यासाठी निवडावयाची नसते. पहिलीबद्दलच्या आपल्या समजुतीला जी सर्वांत अधिक धक्का देऊ शकेल, तीच दुसरी म्हणून निवडावयाची असते.

जुन्या दप्तरांतील आकड्यांचाही असाच विचार करावा लागतो. ४० एकरांवरून साडेसतरा एकरांपर्यंतची घसरण १७७१ ते १८१८ या काळातील, म्हणजे कंपनी सरकारचा अंमल बसण्यापूर्वीची आहे. तेव्हा जमिनीचे विभाजन हे सर्वस्वी इंग्रजी कायद्याचे अपत्य, हा सिद्धान्त निदान या गावापुरता तरी अडचणीत येतो. तथापि येथेच सावध वाचकाने थांबून आणखी एक प्रश्न विचारावयाचा असतो : पेशव्यांच्या दप्तरातील एक धारण आणि विसाव्या शतकातील एक खाते, ही दोन्ही एकाच मापाची मानावी काय? एका नावामागे पूर्वी सारे एकत्र कुटुंब उभे असेल आणि पुढे प्रत्येक भावाचे नाव स्वतंत्र लागले असेल, तर कागदावरची सारीच घट रानातली घट ठरत नाही. विभाजनाच्या याच प्रश्नावर पुढे १९४७ साली मुंबई इलाख्यात तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा झाला. ज्या प्रश्नांवर कायदे होतात त्यांची माहिती कोणत्या मापाने घेतली आहे, हे तपासणे हा पंडिती छंद ठरत नाही, ते नागरिकाचे कर्तव्य ठरते.

गिरणी बंद पडते तेव्हा

व्यष्टि-अध्ययन किती कल्पक आणि किती माणुसकीचे होऊ शकते, हे पाहावयाचे असेल तर ऑस्ट्रियातील मारिएनटाल या लहानशा गावाकडे वळले पाहिजे. व्हिएन्नाजवळचे हे गाव एका कापडाच्या गिरणीवर जगत होते; जागतिक मंदीत, १९२९-३० च्या सुमारास ती गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल या तरुण संशोधकांना मूळ अभ्यास करावयाचा होता तो कामगारांच्या फुरसतीचा; परंतु समाजवादी नेते ओटो बाउअर यांनी, देशात एवढी बेकारी असताना फुरसत कसली अभ्यासता, असे त्यांना बजावल्यावर ते या गावी आले, आणि १९३३ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

त्यांनी गावातील ४७८ कुटुंबांची स्वतंत्र नोंद केली. काहींकडून दिवसाच्या तासातासाचा तक्ता लिहवून घेतला. मुलांचे निबंध वाचले, जेवणाच्या याद्या जमवल्या, दुकानांचे आणि वाचनालयाचे हिशेब पाहिले. फुरसत वाढली की वाचन वाढेल, अशी कोणाचीही कल्पना असेल. पण पुस्तकाचे शुल्क माफ केलेले असतानाही १९२९ ते १९३१ या काळात वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली होती. एका संशोधकाने खिडकीआड बसून मुख्य रस्त्यावरून जाणाऱ्यांची चाल मोजली, तेव्हा असे दिसले की पुरुष पावलापावलावर थांबतात आणि स्त्रिया भराभर पुढे जातात; कारण गिरणी बंद पडली तरी स्त्रीच्या अंगावरचे घरकाम बंद पडलेले नव्हते, आणि पुरुषाचा मात्र दिवसच हरवला होता. शंभर कुटुंबांच्या सविस्तर अभ्यासातून त्यांनी चार मनोवृत्ती वेगळ्या केल्या : १६ कुटुंबे खचली नव्हती, ४८ नशिबावर हवाला ठेवून होती, ११ निराशेने ग्रासली होती आणि २५ सर्वस्वी निर्विकार झाली होती. यांची मिळकत पाहता माणशी दरमहा ३४, ३०, २५ आणि १९ शिलिंग अशी उतरती पायरी निघाली. थोड्याशा शिलिंगांच्या अंतराने माणसाचे भविष्याकडे पाहण्याचे धैर्यच पालटते, आणि दीर्घ बेकारीतून क्रांतीऐवजी बहुधा उदासीनता जन्मते, हा निष्कर्ष तेव्हाच्या अनेक राजकीय आशांना न रुचणारा होता; तो त्या समाजवादी विचारांच्या संशोधकांनी प्रामाणिकपणे मांडला.

मुंबईच्या गिरणगावाची कथा जाणणाऱ्या मराठी वाचकाला हे वाचताना १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप आणि त्यानंतर उद्ध्वस्त झालेले सुमारे अडीच लाख कामगारांचे संसार आठवल्यावाचून राहणार नाहीत. मारिएनटालचा निष्कर्ष लालबाग-परळला लावावा काय? येथेच पद्धतीची शिस्त उपयोगी पडते. मारिएनटालात एकच गिरणी होती आणि पळून जावयास दुसरे गाव नव्हते. मुंबईच्या कामगाराला कोकणात किंवा घाटावर आपले गाव होते, आणि ज्या शहराने त्याची गिरणी गिळली त्याच शहरात हातगाडी, रखवाली, फुटकळ मजुरी यांच्या वाटाही होत्या. मारिएनटालात सरकारी भत्ता तुटपुंजा का होईना मिळत होता. येथे तसा आधार नव्हता. तेव्हा निष्कर्ष जसाच्या तसा उचलून आणता येत नाही. आणता येतात ते प्रश्न : दिवसाचा आकार कोणी हरवला आणि कोणी सांभाळला, घरातल्या स्त्रीच्या वाट्याला किती काम आले, आणि मिळकतीच्या कोणत्या पायरीवर माणसाने उद्याचा विचार सोडला. एका ठिकाणी सापडलेली कार्यकारणाची साखळी दुसऱ्या ठिकाणी नेताना तिच्या अटीही बरोबर न्याव्या लागतात.

पाहणाऱ्याची नजर

व्यष्टि-अध्ययनाचा खरा दुबळेपणा संख्येत नसून पाहणाऱ्यात आहे. मेक्सिकोतील तेपोस्त्लान या गावाविषयी रॉबर्ट रेडफील्ड यांनी १९३० साली ग्रंथ लिहिला, तेव्हा तेथे त्यांना सलोख्याचे, उत्सवप्रिय आणि समाधानी लोकजीवन दिसले. ऑस्कर लुइस यांनी तेच गाव पुन्हा अभ्यासून १९५१ साली ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांना मत्सर, भय, दारिद्र्य आणि भांडणे दिसली. मधल्या काळात गाव पालटले असेल, पण एवढ्याने हा फरक समजावून देता येत नाही. पुढे रेडफील्ड यांनीच मोठ्या मनाने असे म्हटले की, या लोकांना आनंद कशात वाटतो हा आपल्या ग्रंथामागचा गर्भित प्रश्न होता, आणि त्यांना दुःख कशाचे होते हा लुइस यांचा. दोघांनीही खोटे लिहिले नव्हते. न विचारलेला प्रश्न दोघांच्याही उत्तराला आकार देत होता. म्हणून ज्याला हा अभ्यास करावयाचा आहे त्याने आपला प्रश्न आरंभीच कागदावर मांडावा, आपल्या अपेक्षेच्या विरुद्ध जाणारा पुरावा आवर्जून शोधावा, आणि जबान्या, हिशेब व निरीक्षणे यांची टिपणे दुसऱ्याला तपासता येतील अशा रीतीने जतन करावी.

टिपणांचे मोल एम. एन. श्रीनिवास यांच्याइतके कोणी अनुभवले नसेल. म्हैसूरजवळच्या ज्या गावाला त्यांनी रामपुरा हे नाव दिले, तेथे त्यांनी १९४८ साली मुक्काम केला होता. १९७० साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे लागलेल्या आगीत त्यांची संस्कारित टिपणे जळाली, आणि १९७६ साली त्यांनी त्या गावावरचा आपला ग्रंथ मुख्यतः स्मृतीच्या बळावर सिद्ध केला. रामपुऱ्यातूनच त्यांनी प्रभुत्वशाली जातीची कल्पना मांडली : संख्या, जमीन आणि राजकीय बळ ज्या जातीच्या हाती एकवटते ती, वर्णश्रेणीत सर्वोच्च नसली तरी, गावाचा कारभार चालवते. रामपुऱ्यातील एकही आकडा न नेता ही संकल्पना देशभर गेली, आणि महाराष्ट्राच्या राजकारणाचा विचार करणाऱ्यांनीही ती उपयोगात आणली.

पाहणाऱ्याची नजर तपासण्याचा सर्वांत सात्त्विक उपाय म्हणजे काही काळाने दुसऱ्याने त्याच जागी पुन्हा जाणे. पिंपळे सौदागराच्या बाबतीत हे घडले : पु. द. डिस्कळकर यांनी केलेली त्या गावाची फेरपाहणी १९६० साली प्रसिद्ध झाली. आज ते गाव पिंपरी-चिंचवडच्या उंच इमारतींत विलीन झाले आहे, आणि मॅन यांनी ज्या तुकड्यांचे एकर मोजले त्यांचे मोल आता चौरस फुटांनी होते. परंतु एका ठिकाणाचे १७७१ पासूनचे जे दीर्घ वृत्त हाती लागले आहे, ते पुढे चालवणारा तिसरा संशोधक येथे हवा आहे. कारण शेत संपून सदनिका आल्या तेव्हा जुन्या खातेदारांपैकी कोण तरले आणि कोण बुडाले, हा मॅन यांचाच प्रश्न आहे.

ज्यांचा अभ्यास त्यांचा अधिकार

एका ठिकाणाचा सखोल अभ्यास करणारा संशोधक तेथील माणसांच्या घरात शिरतो, आणि म्हणून त्याच्यावर जे ऋण चढते ते हजारोंना प्रश्नावली पाठवणाऱ्यावर चढत नाही. मारिएनटालच्या संशोधकांनी हे ओळखले होते. केवळ पाहुणा म्हणून गावात कोणी राहावयाचे नाही, प्रत्येकाने गावाच्या उपयोगी पडावयाचे, असा त्यांचा दंडक असल्यामुळे त्यांनी कपडे वाटले, वैद्यकीय सल्ल्याची सोय केली आणि शिवणकामाच्या आखणीचे वर्ग चालवले. याच्या उलट, न्यूयॉर्क राज्यातील एका लहान गावाला स्प्रिंगडेल हे टोपणनाव देऊन आर्थर विडिच व जोसेफ बेन्समन यांनी १९५८ साली जो ग्रंथ लिहिला, त्यातील टोपणनावांआडची माणसे गावकऱ्यांनी सहज ओळखली. संतापलेल्या गावाने ४ जुलैच्या मिरवणुकीत शेणखताच्या गाडीवर लेखकाचा पुतळा बसवून त्याचा निषेध केला. नाव बदलल्याने माणूस झाकला जात नाही. ज्याच्याविषयी लिहावयाचे त्याला काय सोसावे लागेल, याचा विचार लिहिण्यापूर्वीच झाला पाहिजे.

या दृष्टीने मराठीजवळ स्वतःची अशी एक पुंजी आहे, आणि तिची आठवण ठेवणे अगत्याचे आहे. महसूल खात्याच्या चाकरीत खेडी जवळून पाहिलेले त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गाव-गाडा' लिहिला. त्यात एका विवक्षित गावाचे वर्णन नाही. वतनदार, अलुते-बलुते, फिरस्ते आणि कुणबी यांच्या देण्याघेण्याची जी व्यवस्था त्यांना गावोगाव दिसली तिचे ते चित्र आहे. त्यानंतर ना. गो. चापेकर यांनी १९३३ साली आपल्या राहत्या गावाविषयी 'बदलापूर' हा ग्रंथ लिहून, त्या एकाच गावाच्या जाती, धंदे, चालीरीती आणि व्यवहार यांची बारकाईने नोंद केली. 'आमचा गाव' असे त्यांनी त्याला म्हटले. न्यायखात्यात आयुष्य घालवलेल्या चापेकरांना पुरावा म्हणजे काय हे ठाऊक होते, आणि आपल्याच गावाकडे तटस्थपणे पाहण्याचे अवघड काम त्यांनी विद्यापीठाच्या पदवीच्या अपेक्षेवाचून केले.

मॅन यांचा ग्रंथ इंग्रजीत होता; पिंपळ्याच्या ज्या कुटुंबांचा जमाखर्च त्यात छापला गेला, त्यांना तो वाचून, आमचा हिशेब येथे चुकला आहे, असे म्हणण्याची सोय नव्हती. चापेकरांचे पुस्तक बदलापुरातील साक्षर माणूस उघडून पाहू शकत होता, आणि एखादा मजकूर चुकला असल्यास त्यांच्या ओसरीवर येऊन तो दुरुस्त करण्यास सांगू शकत होता. रुजवात, विरुद्ध पुराव्याचा शोध, दुसऱ्या गावाची निवड, फेरपाहणी या साऱ्या शास्त्रीय कसोट्यांच्या पंक्तीला आणखी एक कसोटी बसते, आणि ती म्हणजे ज्यांची साक्ष घेतली त्यांच्याच भाषेत निष्कर्ष परत त्यांच्यापुढे ठेवणे. महाराष्ट्रात कारखाने, सहकारी संस्था, धरणग्रस्तांच्या वसाहती, दुष्काळी गावे आणि नव्याने उभी राहिलेली उपनगरे यांच्या अभ्यासाला विषयांची वाण नाही. वाण आहे ती मराठीत लिहिलेल्या आणि गावाच्या उलटतपासणीला खुल्या असलेल्या अशा व्यष्टि-अध्ययनांची. ज्या विद्यार्थ्याला या शास्त्राची सेवा करावयाची आहे, त्याने आपल्या ओळखीचे एक ठिकाण निवडावे, त्याविषयी ज्याचे उत्तर आधी ठाऊक नाही असा एक प्रश्न निश्चित करावा, आणि त्याचे उत्तर प्रथम त्या ठिकाणच्या माणसांना वाचून दाखवण्याची तयारी ठेवूनच लिहावयास बसावे.